गुड फ्रायडेला खाल्लेली चरबी

शुक्रवार, ३ एप्रिल २०१५. संध्याकाळचे सहा.

आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, गुड फ्रायडेच्या दिवशी, माझी काहील जळाली.

वेळेबद्दल शंका नको. तीनच्या ठोक्याला प्रभूने प्राण सोडला. क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेतले, चौदापैकी बारावे स्थान आटोपून मी गुडघ्यांवरून उठत होते (मला उठायला हल्ली एक आख्खे स्थान लागते), तेव्हा चर्चच्या खिडकीतून टेकडीवरचे माझे गुऱ्हाळ दिसले. मेपलचा रस उकळत असला की छपरातून पांढरी वाफ निघते. ही काळी होती. मी प्रभूला क्रुसावर तसेच सोडून पळाले. 'पळाले' हा शब्द माझा. माझी भाची मिरेय, जी ईस्टरसाठी केबेक शहरातून आली आहे आणि जिच्या गाडीतून आम्ही वर गेलो, ती म्हणते की मी डुलत डुलत निघाले आणि वाटेत दोन मेणबत्त्या पाडल्या.

वर पोचलो तर दार सताड उघडे, आत धूर, आणि साखर जळाल्याचा तो कडू वास. वडिलांनी घेतलेली काहील, साठ वसंत पाहिलेली, पुढच्या बाजूने तळाशी काळी ठिक्कर. बाजूला माझा शेजारी फिलियास पुलँ बर्फाच्या बादलीत हात घालून उभा. त्याला मी दीड ते साडेतीन, फक्त दोन तास, काहिलीवर नजर ठेवायला सांगितले होते. चाळीस वर्षे दर मार्चला हा माणूस न बोलावता येतो, बादल्या गोळा करतो, लाकडे फोडतो. मला वाटते त्याला स्वतःच्या घरात करमत नसावे. लग्न केले नाही. कोण करणार!

आता हे कसे घडते ते कुणालाही ठाऊक आहे. रस उकळताना फेस चढतो. म्हणून काहिलीच्या वर दोरीने डुकराच्या खारवलेल्या चरबीचा तुकडा टांगतात. फेस त्याला टेकला की गप्प खाली बसतो, वर्गात मदर शिरल्या की आम्ही बसायचो तसा. त्या तुकड्याच्या भरवशावरच माणूस दोन मिनिटे लाकडे आणायला बाहेर जाऊ शकतो. तुकडा नसेल तर फेस उतू जातो, काहिलीत उरलेला रस तळाशी जळतो आणि जे आज झाले ते होते.

दोरी रिकामी होती.

मिरेयनेच ते पाहिले. "आत्या, चरबी कुणी काढली?"

फिलियासने दोरीकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा दोरीकडे. मग म्हणाला, "मी खाल्ली."

"कच्ची?" मिरेय म्हणाली.

"भूक लागली होती."

गुड फ्रायडेला! मांस! मी आज सकाळी सातला स्वतः वर जाऊन हॅम, सॉसेज, जे म्हणून प्राण्याचे होते ते सगळे गुऱ्हाळातून बाहेर काढले होते, डबे बर्फात पुरले होते, की या पवित्र दिवशी तिथे मोहाला जागा राहू नये. आणि हा बाप्या टांगलेली चरबी खातो!

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. कॉन्व्हेंटमध्ये नऊ वर्षे काढलेल्या बाईने ते शब्द कुठे ऐकले असतील असा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल. तो नुसता म्हणाला, "बरोबर आहे, बाई." सगळे गाव मला बाईच म्हणते, चौतीस वर्षे मी इथल्या शाळेत शिकवले.

मिरेय मात्र गाडीत म्हणाली, "चला. म्हणजे या वेळी तू नाहीस."

हे 'या वेळी' मला लागले. गेल्या ऑक्टोबरात मी केटली गॅसवर विसरले आणि स्वयंपाकघराचा पडदा जळाला. एक पडदा! तोही कुरूप. पण मेपलच्या झाडीचा अर्धा हिस्सा माझ्या भावामागे मिरेयचा आहे, आणि ती विमा कंपनीत काम करते. तिने कागद केला: आत्याच्या विसरभोळेपणामुळे पुन्हा आग लागली, तर चुलाण कायमचे बंद, आणि झाडी खालच्या मोठ्या कारखान्याच्या, झाडांतून रस परस्पर ओढून नेणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्यांना. मी हसत सही केली. जे होणारच नाही त्यावर सही करायला काय जाते?

रविवार, ५ एप्रिल. ईस्टर.

आज स्वतःचे हसे करून घेतले. नोंद ठेवणे भाग आहे.

ईस्टरचे पाणी सूर्योदयाआधी ओढ्यातून, प्रवाहाच्या उलट दिशेने भरायचे, आणि घरी परतेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हे मी सहा वर्षांची असल्यापासून करते. ओढ्याचे ते वळण माझे आणि फिलियासचे सामाईक आहे. आज तो तिथे येणार हे उघड होते, आणि त्याच्याशी एक अक्षर बोलायचे नाही असा माझा निश्चय होता. पण न बोलण्याची सक्ती असलेल्या ठिकाणी न बोलून अपमान कसा करायचा? हे मला काठावर पोचल्यावर सुचले. तो उभा, हातात जग, आणि माझ्यासारखाच मुका. मी माझे न बोलणे त्याच्या न बोलण्यापेक्षा वेगळे दिसावे म्हणून मान जरा उंच केली. मान उंच करून बर्फावर चालू नये. मी कमरेपर्यंत ओढ्यात गेले.

त्याने मला बाहेर काढले. डाव्या हाताने. उजव्याला फडके गुंडाळलेले होते, कोपरापर्यंत. मी ओरडले नाही, शब्द काढला नाही. त्याबद्दल मला स्वर्गात काहीतरी मिळावे. त्यानेही काढला नाही, पण त्याचे खांदे हलत होते. हसत होता, दुसरे काय! जग मात्र त्याने माझाही भरून दिला, प्रवाहाच्या उलट दिशेने, नीट.

त्याचा कुत्रा जनरल मात्र घरापर्यंत माझ्या मागे आला. माझ्या काळ्या कोटाला नाक लावून, शेपटी हलवत, चर्चच्या दारापर्यंतही. मिस्सा संपल्यावर पुन्हा तेच. मुक्या प्राण्यांना न्याय कळतो. मालकाची लाज वाटून बिचारा माझ्या बाजूला आला आहे.

बुधवार, ८ एप्रिल.

फिलियासला रजिस्टर पत्र पाठवले. त्याचे घर माझ्या खिडकीतून दिसते. पत्र आधी गावात जाणार, मग शहरात, मग परत गावात, मग त्याच्याकडे. असो. काही गोष्टींना इतमाम लागतो. मजकूर थोडक्यात असा: ३ एप्रिल रोजी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी झालेल्या प्रकाराबद्दल लेखी माफी, बुधवार १५ तारखेच्या दुपारी बारापर्यंत. शेवटी लिहिले: 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' तो सहावीनंतर शाळेत गेला नाही. हे लिहिताना मला बरे वाटले, आणि आता लिहिलेले वाचताना तितकेसे वाटत नाही.

पत्र टाकून परत आले तर गुऱ्हाळातून काहील गायब. बर्फात त्याच्या ट्रकच्या चाकोऱ्या. मी कुंपणापाशी जाऊन हाक मारली.

"फिलियास! काहील कुठे आहे?"

"माझ्याकडे, बाई."

"कुणाच्या परवानगीने? तो पुरावा आहे!"

"पुराव्याला व्हिनेगर लावून ठेवलाय. दोन दिवस भिजला की खरवडतो."

"मी तुम्हाला पत्र पाठवलंय."

"मग येईल." तो जायला वळला आणि थांबला. "रस मी पिंपांत भरून सावलीत बर्फात ठेवलाय, बाई. दोनशे बादल्या झाल्या. झाडांना आपलं भांडण कुणी सांगितलं नाही, ती गळतच राहिलीत."

आपलं भांडण! जसे काही त्यात त्याचाही वाटा आहे. म्हणजे आहेच, सगळाच आहे, पण बोलण्याची ही कोणती पद्धत?

एका हाताने दोनशे बादल्या कशा उचलल्या असतील, हा विचार आला. मी तो बाजूला ठेवला.

शनिवार, ११ एप्रिल.

काहील परत आली. इतकी चकचकीत की मला तिच्यात माझा चेहरा दिसला, आणि ते काही बक्षीस नव्हे. दाराशी ठेवून गेला, आत आला नाही. दोरीला नवा चरबीचा तुकडा बांधलेला. मी दिवसभर एकटीने रस उकळला: लाकूड आण, फेस बघ, मळी काढ, पाक पळीवरून पदर धरतो का बघ. पाक सोनेरी उतरला. चाखायला कुणी नव्हते म्हणून स्वतःच म्हटले, "छान झालाय, बाई." ते फारसे जमले नाही.

चार वाजता फादर अनातोल आले. ते आफ्रिकेतल्या टोगोचे, आमच्याकडे येऊन सात हिवाळे झाले, पण अजून एप्रिलमध्ये बर्फ पाहिले की त्यांचा चेहरा फसवल्यासारखा होतो. त्यांना पाकातली अंडी आणि घेवडा दिला, आणि सरळ विचारले, "फिलियासने गुड फ्रायडेचं पाप कबूल केलं का?"

"कबुलीजबाब गुप्त असतो, बाई."

"म्हणजे केलं नाही."

"म्हणजे गुप्त असतो." त्यांनी पावाने बशी पुसली. "पण मला एक सांगा, त्याला दात कुठे आहेत?"

"खालचे आहेत. काही."

"खारवलेली कच्ची चरबी, बाई. मी तरणा असून मला चावणार नाही."

"चोखली असेल."

त्यांनी पाव खाली ठेवला. मग म्हणाले, "आणि तसंही, फेस मारायला टांगलेल्या चरबीला चर्चची बंदी नाही. ते मांसात मोजत नाहीत."

"आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सेंत-अँसेल्म मोजायच्या."

"मदर पोपपेक्षा कडक होत्या?"

"पोप बदलतात, फादर."

ते हसले आणि आणखी पाक मागितला. जाताना त्यांचा पाय जनरलवर पडला. हा कुत्रा तासन्‌तास माझ्या कोटाच्या खुंटीखाली बसलेला असतो, वर नजर लावून, वेदीपुढे बसावे तसा. फादर म्हणाले, "हा कोटाची भक्ती करतोय की काय?" मी म्हटले, त्याला माझा सहवास आवडतो. फादर दारातच पुन्हा थांबले, एकदा कोटाकडे आणि एकदा कुत्र्याकडे पाहून निघाले. टोगोमध्ये कुत्र्यांबद्दल काही वेगळी समजूत असेल.

मंगळवार, १४ एप्रिल.

सकाळपासून ऊन. पागोळ्या वाहतात. हिवाळी कोट पेटीत ठेवायचा म्हणून खुंटीवरून काढला, डांबराच्या गोळ्या आणल्या आणि खिसे उलटे केले.

उजव्या खिशात: रुमाल एक, जपमाळ एक, खोकल्याच्या गोळ्या तीन.

डाव्या खिशात: चर्चचे पत्रक, घडी घातलेले, ओढ्यात भिजून वाळलेले. मथळा 'उपवासकाळातील संयम'. आत, त्या संयमात नीट गुंडाळलेला, दोरीच्या गाठीसकट, डुकराच्या खारवलेल्या चरबीचा तुकडा एक.

मी खुर्चीवर बसले. मग सगळे आठवले, अगदी स्वच्छ, जसे वर्गात मुलगी उभी राहून पाठ म्हणते. सकाळी सात. हॅम बर्फात. सॉसेज बर्फात. वर पाहिले तर ही टांगलेली. हेही मांसच, रोलांद, मी स्वतःला म्हणाले. दोरी कापली. डबे पुरून झाले होते, पुन्हा खणायचा कंटाळा आला, म्हणून खिशात घातली, एकला चुलाण पेटवताना त्या जागी लोण्याने माखलेली दोरी बांधीन म्हणाले, आई बांधायची तशी. एक वाजला, चुलाण पेटवले, दीड वाजता रस कोमट असतानाच निघाले, आणि क्रुसाची वाट चुकू नये या घाईत लोणीही विसरले, दोरीही. मग ती चरबी खिशात घेऊन मी बाराव्या स्थानापर्यंत गुडघ्यांवर होते. गुड फ्रायडेला अख्ख्या गावात एकच माणूस मांस अंगावर बाळगून चर्चमध्ये आला होता, आणि तो फिलियास नव्हता.

त्याला दोरी रिकामी दिसली असणार. त्याला वाटले असणार, बाई नवा तुकडा आणतील. लाकडे संपली म्हणून दोन मिनिटे बाहेर गेला असणार. परत आला तेव्हा फेस उतू जात होता, आणि त्याने उसळत्या वाफेत हात घालून कच्च्या रसाची बादली काहिलीत ओतली. म्हणून तळ पूर्ण गेला नाही. म्हणून गुऱ्हाळ उभे आहे. म्हणून हात बर्फात होता. मी तो हात पाहिला होता आणि मला वाटले, साहेब निवांत उभे आहेत.

आणि मग मिरेयने विचारले, "चरबी कुणी काढली?" त्या कागदाबद्दल त्याला माहीत आहे. मीच सांगितले होते, हसत हसत.

चरबी जनरलला दिली. पहिल्या दिवसापासून खरे सांगणारा साक्षीदार तो एकटाच. दोन घासांत पुरावा संपवला.

गप्प बसता आले असते. काहील स्वच्छ आहे, दोषी माणूस कबूल झालेला आहे, पुरावा कुत्र्याच्या पोटात आहे. मी हे सगळे मनात तीनदा मांडून पाहिले आणि तिन्ही वेळा हिशेब अगदी सुरेख बसला. मग मिरेयला फोन लावला.

"मीच काढली होती. कोटाच्या खिशात होती."

पलीकडे कळफलकाची टकटक थांबली.

"ऐकलंस का?"

"ऐकलं, आत्या. मला त्याच दिवशी शंका आली होती. फिलियासकाकांना दात कुठे आहेत?"

सगळ्या जगाने त्या माणसाच्या दातांवरून सत्य ओळखले. चाळीस वर्षे शेजारी राहून मी एकटी मागे.

"कागदावर माझी सही आहे," मी म्हटले. माझा आवाज वर्गात चालला असता, फोनवर तितका चालला नाही.

"आहे." ती म्हणाली. "तू मला सांगितलंस, हे चांगलं केलंस. नाहीतर मी रविवारी त्या नळ्यावाल्यांना फोन करणार होते. तुझ्या विसरण्यामुळे नाही. तू एकटी उकळतेस हे फादरनी सांगितलं म्हणून."

"मग आता?"

"रविवारी चारला येते. शेवटची काहील असेल ना? तो कागद बाजूला ठेवते, पण पुढच्या वर्षी चुलाणापाशी तुझ्याबरोबर कोण असणार, ते मला लेखी हवंय. त्या माणसाच्या सहीनं. 'तो येतोच' हे चालणार नाही. येईल असा कुणी आहे का?"

मी म्हटले, बघते.

बुधवार, १५ एप्रिल. सकाळचे अकरा.

माझ्या पत्राची मुदत संपायला एक तास आहे. फिलियासकडून काही आलेले नाही. येणार कसे, उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला असताना! हे मला काल संध्याकाळी सुचले. म्हणजे मी चौतीस वर्षे मुलांना वाचलेले समजून घ्यायला शिकवले.

म्हणून आता पत्र मीच लिहिले आहे. रजिस्टर करणार नाही. जनरलच्या पट्ट्याला बांधून पाठवते. तो दिवसातून चार वेळा जातो-येतो, पोस्टापेक्षा बरा. नक्कल इथे ठेवते, कारण पाठवल्यावर मला त्यातले अर्धे मान्य होणार नाही.

'श्री. फिलियास पुलँ यांस,

माझे ८ एप्रिलचे पत्र रद्द समजावे. ते चुलाणात घातले तरी हरकत नाही, कागद चांगला आहे, पेटेल.

चरबी तुम्ही खाल्लेली नाही. ती माझ्या कोटात होती. हे मी मिरेयला सांगितले आहे, फादरना रविवारी सांगेन, आणि चर्चच्या पायऱ्यांवर ज्यांना ज्यांना मी तुमच्याबद्दल सांगितले होते त्यांना एकेक करून सांगेन. यादी मोठी आहे. जूनपर्यंत होईल.

ओढ्यात तुम्ही हसलात ते योग्यच होते.

तुमच्या हाताला मेणाचे मलम आणि स्वच्छ पट्टी मी स्वतः लावीन, रोज सकाळी आठला. यावर चर्चा नको.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही भाचीदेखत खोटे बोललात. आठव्या आज्ञेचा भंग, तोही गुड फ्रायडेला, तोही माझ्यासाठी. वर मी जे बोलले ते ऐकून "बरोबर आहे, बाई" म्हणालात. हे कशासाठी केलेत, ते मला समजलेले नाही. मी काल दिवसभर विचार केला. शेजारधर्म म्हणावा तर इतका नसतो. कोपरापर्यंत तर नक्कीच नाही. कारण लेखी कळवावे. "असंच" हे कारण धरले जाणार नाही.

दुसरे. पुढच्या वसंतात, आणि त्यापुढचे जितके मिळतील तितके, चुलाणापाशी माझ्याबरोबर तुम्ही उभे राहाल का, तेही लेखी हवे, सहीसकट. नाहीतर झाडीला नळ्या लागतील. पण ते कारण मिरेयचे झाले. माझे कारण असे की शनिवारी पाक फार चांगला उतरला आणि तो सांगायला समोर कुणी नव्हते.

दोन्ही उत्तरे रविवार १९ एप्रिल, दुपारी चारच्या आत, शेवटची काहील उतरण्यापूर्वी, माझ्या हाती पोचली पाहिजेत. मुदत वाढवून मिळणार नाही.

डाव्या हाताने लिहिले तरी चालेल. अक्षराचे आणि शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत.

रोलांद दोयाँ.'